मामाजींच्या नावापुढे 'आयकरदाता' शेरा; पीएम किसानचे ३२,००० परत मागताहेत, टॅक्स तर शून्य होता

सूनबाई (यवतमाळ जिल्हा) | २४ जून २०२४

नमस्कार. प्रश्न माझ्या सासऱ्यांचा, म्हणजे मामाजींचा आहे. त्यांच्या वतीने मी लिहिते. गावातल्या बचत गटाची वही माझ्याकडे असते, त्यामुळे हिशोबाचा कागद मला वाचता येतो. हा कागद वाचला, पण पटला नाही.

१८ जूनला पीएम किसानचा १७ वा हप्ता पडला. गल्लीतल्या सगळ्यांच्या मोबाइलवर मेसेज आला, मामाजींच्या आला नाही. दोन दिवसांनी कोतवाल नोटीस देऊन गेला. त्यात लिहिलंय की आपण आयकर भरत असल्याचे दिसून आले आहे, सबब योजनेला अपात्र आहात, आजवर उचललेल्या १६ हप्त्यांचे ३२,००० रुपये जमा करा, नाहीतर जमीन महसुलाची थकबाकी समजून वसूल करू आणि सातबाऱ्यावर बोजा चढवू. ग्रामपंचायतीच्या फळ्यावर यादीही लागली आहे, त्यात मामाजींचं नाव 'आयकरदाते' या मथळ्याखाली आहे.

आमची स्वतःची जमीन १ हेक्टर ६२ आर, म्हणजे चार एकर. सहा एकर मक्त्याने करतो. सगळं कोरडवाहू. सोळावा हप्ता तर २८ फेब्रुवारीला यवतमाळच्याच सभेतून सुटला होता, मामाजी गावच्या गाडीत बसून सभेला गेले होते. राज्याच्या नमो शेतकरी योजनेचा दुसरा-तिसरा हप्ताही त्याच दिवशी सुटला. आता तोही बंद होईल असं कृषी सहायक म्हणतात.

रिटर्न कसा आला ते सांगते. डिसेंबर २०२२ मध्ये जुना ट्रॅक्टर घ्यायचा होता. फायनान्सवाल्यांनी रिटर्न मागितला. तालुक्याच्या गावी एक ऑनलाइन केंद्र आहे, तिथल्या माणसाने मामाजींचं पॅन घेऊन रिटर्न भरून दिला. २०२१-२२ चा हंगाम आठवत असेल सगळ्यांना, कापूस दहा हजाराच्या वर गेला होता. आमचा ४८ क्विंटल सरासरी ९,२०० ने गेला. तुरीसकट विक्री ४ लाख ६२ हजार. केंद्रवाल्याने ही अख्खी विक्री 'धंद्याचा निव्वळ नफा' म्हणून टाकली. बियाणं, खत, फवारणी, वेचाई, मक्ता, काहीच वजा नाही. आणि मुळात ते शेतीचं उत्पन्न, धंद्याचं नाहीच. हे आम्हाला आत्ता कळलं, कारण तेव्हा त्याने एक पानाची पोच तेवढी हातात दिली होती. आमच्याकडून रिटर्नचे ५०० आणि 'सरकारी चलनाचे' १,००० घेतले.

ते एक हजार म्हणजेच आयकर का? तलाठीभाऊ म्हणतात, "भरून टाका ताई, कशाला लफडं." पण पेरणी तोंडावर आहे. कपाशीची एक बॅग ८६४ रुपयांची झाली, डीएपी वेगळं. बत्तीस हजार आणायचे कुठून? आणि पैशापेक्षा दुसरी गोष्ट जास्त लागली आहे. मामाजी पारावर जायचे बंद झालेत. यादीत नाव म्हणजे सरकारचे पैसे खाल्ले असं लोक बोलतात. त्यांनी आयुष्यात कुणाचा रुपया ठेवला नाही.

भरावे का? न भरता भांडायचं तर कुठे, कोणत्या कागदावर?

---

संत्रा बाग (वरुड) | २४ जून

ताई, भरून मोकळे व्हा. आमच्या गावात २०२०-२१ ला अशाच नोटिसा आल्या होत्या, बहुतेकांनी भरल्या. सातबाऱ्यावर बोजा चढला की पीक कर्जाच्या नूतनीकरणाला बँक अडवते, ते जास्त महागात पडतं.

---

कर सल्लागार (अमरावती) | २५ जून

वरुडच्या भाऊंची बोज्याची काळजी खरी आहे, पण 'भरून मोकळे व्हा' याला माझा विरोध आहे. २०२१ च्या जुलैमध्ये संसदेत केंद्राने सांगितलं होतं की ४२ लाखांवर अपात्र शेतकऱ्यांकडून सुमारे २,९९२ कोटी वसूल करायचे आहेत. एवढ्या मोठ्या याद्या पॅन, आधार जुळवून निघतात. त्यात खरे करदाते असतात, आणि ज्यांनी नुसता रिटर्न भरला असे लोकही सापडतात. पैसे भरले की तुम्ही अपात्रता मान्य केली असंच धरलं जातं, पुढचे हप्ते सुरू करून घेणं मग फार कठीण.

सूनबाई, आधी नियम नीट धरा. पीएम किसानला उत्पन्नाची मर्यादा नाही. १ जून २०१९ पासून जमिनीची दोन हेक्टरची मर्यादाही गेली. वगळलेल्यांच्या यादीत जे वाक्य आहे ते असं आहे: मागच्या करनिर्धारण वर्षात ज्यांनी आयकर भरला त्या व्यक्ती. रिटर्न भरला असं तिथे नाही. धंद्याचं उत्पन्न दाखवलं असंही नाही. म्हणून तहसीलमध्ये 'केंद्रवाल्याने शेतीचं उत्पन्न धंद्यात टाकलं' हा मुद्दा घेऊन भांडू नका. तो खरा असला तरी तिथे त्याचा उपयोग नाही, आणि साहेब म्हणतील की मग आधी रिटर्न दुरुस्त करून आणा. तुमचा मुद्दा एकच: कर शून्य.

आता आकडे. ४,६२,००० मधून २,५०,००० सूट. उरले २,१२,०००, त्यावर ५ टक्के म्हणजे १०,६००. एकूण उत्पन्न पाच लाखांच्या आत असल्याने कलम ८७ए ची सवलत त्या वर्षी १२,५०० पर्यंत होती, म्हणजे अख्खे १०,६०० माफ. कर शून्य, उपकर शून्य. मग हजार रुपये कशाचे? कर निर्धारण वर्ष २०२२-२३ चा, म्हणजे २०२१-२२ च्या उत्पन्नाचा रिटर्न ३१ जुलै २०२२ पर्यंत भरायचा होता, तुमचा डिसेंबरमध्ये गेला. उशिराबद्दल कलम २३४एफ ची फी लागते, पाच लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर १,०००. ती फी आहे. कायद्याने कर वेगळा, व्याज वेगळं, फी वेगळी.

तुम्हाला तीन कागद लागतील. भरलेल्या रिटर्नची पूर्ण प्रत, नुसती पोच नाही. त्यात करगणनेच्या भागात सवलतीनंतरचा कर ० आणि २३४एफ समोर १,००० दिसेल. दुसरा, आयकर खात्याकडून आलेली कलम १४३(१) ची सूचना. हा सगळ्यात वजनदार कागद, कारण ती खात्याने स्वतः तपासून दिलेली गणना असते. तिसरा २६एएस, म्हणजे तुमच्या पॅनवर जमा झालेल्या कराचा खात्याकडचा उतारा.

२६एएस मध्ये एक गोष्ट बारकाईने बघा. तिथे चलनाची ओळ असेल, मेजर हेड ००२१, मायनर हेड ३००, म्हणजे स्वयंनिर्धारण कर. पुढे रकाने असतात: टॅक्स, अधिभार, उपकर, इतर, एकूण. फी 'इतर' मध्ये जायला हवी. केंद्रवाले घाईत सगळी रक्कम 'टॅक्स' च्या रकान्यात टाकून देतात. तसं झालं असेल तर वरवर बघणाऱ्याला माणसाने हजार रुपये आयकर भरला असंच दिसणार. काय दिसतं ते इथे कळवा.

---

तुरीचं वावर (वाशीम) | २५ जून

ताई, माह्या बाबाचं बी असंच झालतं, कारण वेगळं होतं. बाबा जिल्हा परिषद शाळेत शिपाई होते, पेन्शन दहा हजाराच्या वर. यादीत आलं 'निवृत्तिवेतनधारक' म्हणून. आता नियमात दहा हजाराच्या वरच्या पेन्शनवाल्याले भेटत नाई हे खरं, पण चतुर्थ श्रेणीले त्यातून सूट हाये. आम्ही पीपीओची, म्हणजे पेन्शनच्या आदेशाची झेरॉक्स लावली, त्यावर पद 'शिपाई' असं साफ लिहेल होतं. नाव कमी झालं यादीतून. वेळ लागला, पण झालं.

दोन गोष्टी ध्यानात ठेवजा. तोंडी सांगून कोनी ऐकत नाई. अर्ज दोन प्रतीत करा, एकीवर आवक नंबर अन् शिक्का घ्या. बाबू म्हणन 'ठेवून जा', ठेवून जाऊ नका. दुसरं, पैसे भरायचीच येळ आली तरी कोनाच्या हातात नगद देऊ नका. पोर्टलवर ऑनलाइन परतावा भरायची सोय हाये, पावती निघते. आमच्या इकडं एकानं नगद देलं, पावती नाई, दुसऱ्या वर्षी पुन्हा नोटीस आली त्याले.

अन् मामाजीले म्हणा पारावर बसा. काऊन लपून राहाचं?

---

सूनबाई | २ जुलै

अमरावतीचे दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं.

कागद काढायलाच फार त्रास झाला, कारण आयकराच्या पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल दोन्ही केंद्रवाल्याचे टाकलेले. १४३(१) ची सूचना त्याच्याच ईमेलवर गेली असणार, आम्हाला तिचा पत्ताच नव्हता. शेवटी 'पासवर्ड विसरलो' मधून आधार ओटीपीने उघडलं. मामाजींचा आधार त्यांच्याच नंबरला जोडलेला होता म्हणून जमलं. आधी मोबाइल आणि ईमेल बदलून घेतले. इथे वाचणाऱ्या प्रत्येकाला हात जोडून सांगते, घरातल्या कुणाचाही रिटर्न कुठल्या केंद्रावर भरला असेल तर पोर्टलवर नंबर कुणाचा आहे ते आजच बघा. सगळी टपालं त्या नंबरावर जातात.

सूचनेत दोन रकाने आहेत, करदात्याने दाखवलेलं आणि खात्याने मोजलेलं. दोन्हीकडे एकूण उत्पन्न ४,६२,०००, सवलत १०,६००, सवलतीनंतर कर ०, फी १,०००, भरलेले १,०००, देणं ०. आणि २६एएस मध्ये हजार रुपये 'टॅक्स' च्या रकान्यात. 'इतर' मध्ये शून्य.

मामाजींना दोन्ही कागद दाखवले, बोट ठेवून वाचून दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे मी उशिराचा दंड भरला अन् त्यांनी मले सावकार केलं."

दोन शंका आहेत. रिटर्न आता दुरुस्त करता येईल का? आणि नोटीस पहिल्या हप्त्यापासूनची आहे, हे मला पटत नाही. रिटर्न एका वर्षाचा, आणि वसुली २०१८ च्या डिसेंबरपासूनची?

---

कर सल्लागार (अमरावती) | ३ जुलै

दुसरी शंका आधी घेतो, कारण तिथेच तुमचं बळ आहे.

नियमात 'मागचं करनिर्धारण वर्ष' म्हटलंय. तुमचा रिटर्न एकाच वर्षाचा, कर निर्धारण वर्ष २०२२-२३. क्षणभर धरून चालू की त्या वर्षी खरंच कर भरला होता. तरी माझ्या वाचनाप्रमाणे फटका बसेल तो त्याच्या पुढच्या आर्थिक वर्षाच्या हप्त्यांना, म्हणजे एप्रिल २०२३ ते मार्च २०२४. चौदावा, पंधरावा, सोळावा. तीन हप्ते, सहा हजार. त्याआधीच्या तेरा हप्त्यांच्या वेळी हा रिटर्न मागच्या करनिर्धारण वर्षाचा नव्हता, बहुतेकांच्या वेळी तर अस्तित्वातच नव्हता. २६,००० ची मागणी कोणत्या आधारावर, हे त्यांनी लेखी सांगायला हवं. अर्जात मुख्य मागणी 'कर शून्य असल्याने पात्र ठरवा' ही ठेवा. त्याखाली 'हे अमान्य असल्यास वर्षनिहाय आधार द्या' असं पर्यायी लिहा. उलट क्रमाने लिहू नका, नाहीतर सहा हजारांवर तडजोड करायला बसवतील.

रिटर्नचं. सुधारित रिटर्नची मुदत ३१ डिसेंबर २०२२ ला संपली. अद्ययावत रिटर्न म्हणून जी नवी सोय आहे ती कर वाढत असेल तरच, कमी करायला किंवा परतावा मागायला चालत नाही. चूक दुरुस्तीच्या कलम १५४ मध्ये उत्पन्नाचं खातं बदलून मिळत नाही. उरतं कलम २६४, आयुक्तांकडे पुनरीक्षण, फी ५०० रुपये, मुदत एक वर्ष, सबळ कारण असेल तर विलंब माफ होऊ शकतो. सूचना दुसऱ्याच्या ईमेलवर गेली हे कारण मांडता येईल. पण माझं मत, आत्ता त्यात पडू नका. पीएम किसानसाठी त्याची गरज नाही. शिवाय ट्रॅक्टरचं कर्ज याच रिटर्नवर आहे, ते फिटेपर्यंत त्या आकड्यांना उगाच हात लावण्यात शहाणपण नाही. पुढे कधी रिटर्न भरायची वेळ आलीच तर शेतीचं उत्पन्न करमुक्त म्हणूनच दाखवा. ते पाच हजारांच्या वर असेल तर रिटर्नचा आयटीआर-१ किंवा ४ नमुना चालत नाही, आयटीआर-२ लागतो, धंदाही असेल तर ३. केंद्रवाले ४ का भरतात? पाच मिनिटांत होतो म्हणून.

अर्ज तहसीलदारांना करा, प्रत तालुका कृषी अधिकाऱ्यांना. सुनावणी मागा आणि निर्णय होईपर्यंत बोजा चढवू नये असं स्पष्ट लिहा. योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत जिल्हा पातळीवर तक्रार निवारण समिती आहे, तक्रार शक्यतो दोन आठवड्यांत निकाली काढावी असं त्यात म्हटलंय. तहसीलमध्ये हललं नाही तर तिथे जा.

सोबत माहितीच्या अधिकारात वेगळा अर्ज टाका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट, एकच विषय, दीडशे शब्दांच्या आत. एवढंच विचारा: माझ्या नावासमोर आयकरदाता शेरा कोणत्या करनिर्धारण वर्षाच्या, कोणत्या पत्राच्या आधारे लागला, त्याची प्रत द्या. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. याने बाबू जागे होतात.

---

सूनबाई | १३ ऑक्टोबर २०२४

उशिरा लिहिते आहे, मधे निंदण, फवारणी आणि आता सोयाबीन काढणी. पण इथल्या मंडळींनी मदत केली, त्यांना कळायला हवं.

अर्ज दिला. टपाल घेणारे म्हणाले अर्जाची गरज नाही, पोर्टलवर काय ते बघा. मी वाशीमच्या भाऊंचं लक्षात ठेवून शिक्का मिळेपर्यंत खिडकी सोडली नाही. सुनावणीला मामाजी स्वतः आले. पांढरी टोपी, धुतलेलं धोतर. नायब तहसीलदारांपुढे मी १४३(१) ची सूचना ठेवली आणि फक्त 'सवलतीनंतर कर ०' वर बोट ठेवलं. त्यांनी २६एएस मागितलं. तिथे 'टॅक्स' खाली हजार बघून म्हणाले, हा काय मग. मी परत सूचनेतली फीची ओळ दाखवली, तोच आकडा, तोच हजार. त्यांनी दोन्ही कागद शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले. वर्षाचा मुद्दा मला मांडावाच लागला नाही, त्यांनीच कारकुनाला विचारलं की रिटर्न एका वर्षाचा आणि मागणी सोळा हप्त्यांची कशी काय.

सप्टेंबरच्या शेवटी पत्र मिळालं. वसुली स्थगित, बोजा घेऊ नये असं तलाठ्यांना कळवलं, पात्रता पुन्हा तपासण्यासाठी प्रस्ताव जिल्हा कृषी कार्यालयाकडे पाठवला. माहिती अधिकाराचं उत्तरही आलं, त्यात करनिर्धारण वर्षाचा रकाना कोरा आहे. तो कागद मी जपून ठेवलाय.

पोर्टलवर शेरा अजून तसाच दिसतो. ५ ऑक्टोबरला वाशीमहून अठरावा हप्ता सुटला, तो आला नाही, नमोचाही नाही. त्यामुळे जिंकलो असं म्हणत नाही. जिल्ह्याच्या समितीकडे अर्ज तयार आहे, दिवाळीआधी देते. ग्रामपंचायतीच्या फळ्यावरची यादी मात्र काढायला लावली. ग्रामसेवकांना तहसीलच्या पत्राची प्रत दिली आणि सांगितलं की स्थगिती आहे तर नाव चव्हाट्यावर राहायचं कारण नाही. त्याच दिवशी निघाली.

---

धानवाला (भंडारा) | १५ ऑक्टोबर

ताई, माझ्या वडिलांनाही हीच नोटीस आहे. रिटर्न भरला होता, पण पतसंस्थेतल्या ठेवीच्या व्याजावर टीडीएस (व्याज देतानाच कापलेला कर) कापला होता, तो परत मिळाला. मग कर भरला असं होतं का?

---

कर सल्लागार (अमरावती) | १५ ऑक्टोबर

कापलेला टीडीएस पूर्ण परत आला असेल आणि १४३(१) मध्ये कर शून्य असेल, तर मुद्दा तोच, उलट जास्त सोपा. परताव्याची बँकेतली नोंद जोडा. थोडासा टीडीएस जरी कराखाली वळता झाला असेल तर मात्र त्या वर्षी कर भरलाय, तिथे भांडू नका, फक्त कोणत्या वर्षाचे हप्ते ते तपासा.

---

सूनबाई | १६ ऑक्टोबर

भंडाऱ्याचे भाऊ, सूचना उघडा आणि सवलतीनंतरच्या कराच्या ओळीत काय आहे ते इथे लिहा. शून्य असेल तर आमच्या अर्जाचा मजकूर पाठवते, नाव, गट नंबर आणि वर्ष बदलून घ्या. आणि वडिलांना सोबत न्या. मी एकटी गेले तेव्हा 'लाभार्थी कुठाय' म्हणून परत पाठवलं होतं.